परिशिष्ट क

नगरपरिषदेला पाणीपट्टीची आज्ञावली हवी आहे
आणि आम्हाला पुढच्या सहा महिन्यांचे पगार.
मध्ये एक तक्ता आहे :
नाव, अर्हता, उत्तीर्ण वर्ष, अनुभव.
भरणारी मी. हिशेब, हजेरी, पाण्याचे जार आणि निविदा
या चारही खात्यांची प्रमुख.

महापे, दुसरा मजला. खाली रबरी गॅस्केटचा कारखाना.
रात्रपाळीचा प्रेस पडला की
टेबलावरची प्रमाणपत्रं हलकेच उसळतात,
नाव पुकारल्यासारखी.

संजीवनी ओव्हाळ. एमसीए, प्रथम श्रेणी.
गुणपत्रिकेचा कोपरा उंदराने खाल्लेला,
उरलेली घाईघाईने लॅमिनेट केलेली.

नाझिमा मुकादम. बी.ई., दोन हजार नऊ.
मग सात वर्षं कोरी.
'खंडाचे कारण' लिहायला पंचवीस अक्षरांची जागा.
सासऱ्यांचा अर्धांगवायू, जुळी पोरं, पनवेलला बदली,
यातलं काही नाही. तिने पाठवलंय : घरी होते.
चार अक्षरांत भागवलं.

परुळेकर तर एम.ए. संस्कृत.
चुका शोधते. संधी सोडवावी तसा
दोन आज्ञांमधला सांधा उकलून दाखवते,
हे बघा, इथे विसर्ग लोपलाय, म्हणून बिल दुप्पट येतंय.
रकाना लाल होतो :
अर्हता विषयाशी संबंधित नाही.

गुर्जर सरांचं प्रमाणपत्र भिंतीवर, चौकटीत.
ज्या कंपनीने दिलं ती विकली गेली,
ज्या भाषेचं होतं ती आता कुठलंच यंत्र बोलत नाही.
दसऱ्याला तरी त्याला झेंडूचा हार असतो.

आणि हरेश मढवी, घणसोली.
डिप्लोमा, दुसरं वर्ष, पुढे रेघ.
सरकारी शिक्क्याचा एकच कागद त्याच्याकडे :
प्रकल्पग्रस्ताचा दाखला.
आजोबांचं मिठागर घेतलं, त्यावर हे शहर आलं,
त्याची पोच.
जोडू का? अनुभव म्हणून चालेल,
पन्नास वर्षांचा.

अट अशी : अभियंता किंवा एमसीए, किमान तीन.
आमच्याकडे दोन.
जाताना सर लिफ्टमधूनच म्हणाले,
हरेशपुढे बी.ई. टाक गं, कोण बघतंय.
टाकलं.
किती थोडी जागा लागते.
खोडलं. मग पगारपत्रक उघडून बघितलं,
परत टाकलं.

अकरा चाळीस. बाराला खिडकी बंद.
डिजिटल सहीची किल्ली संगणक ओळखेना.
अशा वेळी आम्ही सगळे एकच नंबर लावतो.

आला. स्कूटर, घरातली चड्डी, डोक्यावर हेल्मेट तसंच.
किल्ली काढली, फुंकली, दुसऱ्या भोकात घातली,
काळ्या पडद्यावर तीन ओळी टंकल्या,
एक खोडली.
गुर्जर सरांचं नाव हिरवं झालं.

मागे परिशिष्ट क उघडंच होतं.
त्याने वाचलं, काचेवर बोट ठेवून, सावकाश,
जसं तो नोंदवही वाचतो, दोष कुठे ते शोधत.
इंग्रजीतून मराठीत येताना पोर्टलने त्याचं केलं होतं
हरेश माधवी.

'मॅडम, माधवी नाही.
माझ्यात ढ आहे.
तेवढा राहू द्या.'

मी हसले. तो नाही हसला.
बोट एक रकाना पुढे सरकून थांबलं होतं
आणि काचेवर त्याचा धुरकट ठसा उमटत होता.

अकरा त्रेपन्न. मी ढ टाकला.
पुढच्या रकान्यात कर्सर लुकलुकत राहिला.
खाली प्रेस पडला, कागद उठले, बसले.
बी.ई. पुसायला
पाच वेळा दाबावं लागतं.
चौथ्यांदा दाबताना हेल्मेटमधून आवाज आला,
'पेट्रोलचे शंभर कुठल्या खात्यात धराल?'